पट्ट्यापुरती रात्र

आमच्या घरात दिवसाचा पहिला आवाज साखळीचा असे. गोठ्याच्या दाराची साखळी आबा, म्हणजे माझे वडील, हातात धरून हलकेच सोडत, तरी ती खळ्ळ करायचीच. त्यामागून आईची पावलं, मग आत्तीचा खोकला, मग भिजवलेल्या पेंडीची पाटी फरशीवरून ओढल्याचा आवाज आणि शेवटी रिकाम्या चरवीत पडलेली पहिली धार. चरवी रिकामी असली की धार वाजते, भरत आली की तिचा आवाज जाड होतो. कुठली चरवी कुठवर आली हे मला डोळे मिटूनही सांगता येई. घड्याळात तेव्हा साडेतीन वाजलेले असत. आता गोठा नाही, म्हशी नाहीत, मी मुलींचं वसतिगृह चालवते, पण साडेतीनला जाग येते ती येतेच. मग पडल्या पडल्या उजाडल्यावरच्या कामांची मनात यादी करायची आणि परत झोपायचं. यादी पुरी व्हायच्या आत झोप लागते, असा अनुभव आहे.

पेठेतलं आमचं घर लांबोडकं होतं. पुढे रस्त्याला लागून सोपा, मध्ये स्वयंपाकघर, त्याला चिकटून एक अंधारी खोली आणि मागे गोठा. त्यामुळे गोठ्यात जाणारा-येणारा प्रत्येक माणूस, प्रत्येक घागर आणि वैरणीची प्रत्येक पेंढी घरातूनच जाई. आबांनी तरुणपणी तालमीत अंग घासलेलं. त्यांचे दोन्ही कान कुस्तीत मोडून गाठोड्यासारखे झाले होते, आणि त्या कानांचा त्यांना माझ्या कुठल्याही बक्षिसापेक्षा जास्त अभिमान होता. संध्याकाळी ते चार म्हशी घेऊन चौकातल्या कट्ट्यावर जात. आमच्या कोल्हापुरात म्हैस गिऱ्हाइकासमोर उभी करून थेट पेल्यात धार काढून देतात. वरचा फेस ओठांना लावत माणसं तिथंच उभ्यानं दूध पितात आणि गावच्या राजकारणापासून फुटबॉलपर्यंत सगळ्याचा निकाल लावतात. पेले विसळायचं काम माझं. कट्टा मोडून, म्हशी परत आणून, वैरण टाकून, आमची जेवणं होऊन घर आडवं व्हायला अकरा वाजत. जेवण तसं साधं. भाकरी, खर्डा, एखादी आमटी, आणि दूध मात्र वाटेल तेवढं. रविवारी मटणाचा रस्सा. दुपारी जेवल्यावर मोठी माणसं तासभर लवंडत, आम्ही पोरं शाळेत असू. झोप कमी पडते असं घरातलं कुणीही कधी म्हटलेलं मला आठवत नाही. झोप ही आमच्याकडे कामातून उरली तर घ्यायची गोष्ट होती.

माझ्याकडे पेले आणि रतिबाची किटली यांखेरीज आणखी एक काम होतं, ते म्हणजे भिंगरी. ही आमची सगळ्यांत जास्त दूध देणारी आणि सगळ्यांत हेकट म्हैस. तिचं रेडकू जन्मल्यावर काही दिवसांतच गेलं. त्या वेळी घरात खरवस झाला होता, पण कुणी फारसा खाल्ला नाही. रेडकू गेल्यावर भिंगरी पान्हा चोरायला लागली. आबा बसले की लाथ, आई बसली की शेपटीचा फटका. मी तिला पेंडीचं आंबोण घालायचे, तिच्यापाशी बसून शाळेचे पाढे पाठ करायचे. सकाळचा वेळ वाया जाऊ नये, एवढाच हेतू. एक दिवस सहज हात लावला, तर तिने मुकाट्याने धार सोडली. तेव्हापासून ती माझी. मी तिच्या कुशीला कपाळ टेकवून तेरापासून एकोणीसपर्यंतचे पाढे म्हणायचे आणि पाढे संपेतो चरवी भरलेली असायची. पहाटेच्या रतिबाचं निम्मं दूध तिच्या एकटीचं होतं.

माझ्या पाठीचं पहिल्यांदा कळलं ते शेजारच्या शमाभाभींमुळे. त्या घरी शिलाई करायच्या. शाळेच्या नव्या पोलक्याची एक बाही सारखी खाली उतरत होती. त्यांनी ती दोनदा उसवून शिवली, आपलंच काही चुकतंय म्हणून स्वतःला बोल लावला, आणि शेवटी मला पाठमोरी उभी करून आईला हाक मारली.

"वैनी, जरा इकडं या. कापड सरळ हाय, पोरगी वाकडी हाय बगा."

आईने पाहिलं, आत्तीने पाहिलं. मी ओणवी झाले की पाठीची एक बाजू टेकाडासारखी वर यायची. आबांना त्याच रात्री सांगितलं. मी रोज उजव्या हाताने दुधाची किटली पोचवायचे. दुसऱ्या दिवशी ती किटली खुंटीवरून दिसेनाशी झाली, आणि रतीब घालायला आबा स्वतः जाऊ लागले. तालमीतल्या वस्तादांनी आठवडाभर तेल लावून पाठ चोळली. पाठ मऊ झाली, सरळ काही झाली नाही. मग कुणीतरी मिरजेचं नाव काढलं.

मिरजेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई उंच, सावळ्या, केसांचा घट्ट अंबाडा घातलेल्या होत्या. त्यांनी मला ओणवं केलं, तळहात पाठीवरून फिरवला, फोटो काढायला पाठवलं आणि तो ओला फोटो उजेडाला धरून आबांना जवळ बोलावलं. माझ्या कण्याचा वळलेला 'इंग्रजी सी' मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. मला तो फार वाईट वाटला नाही. ओढ्याचं वळण असतं तसा होता. आबांनी मात्र पाहताक्षणी विचारलं, "किटलीनं झालंय नव्हं हे?"

"नाही," बाई म्हणाल्या. "ओझ्यानं असं होत नाही. वाढीच्या वयात काही मुलींचा कणा असा वळतो. का वळतो ते आम्हालाही नीट ठाऊक नाही. पण किटलीनं नाही."

आबांनी इतका मोठा श्वास सोडला की टेबलावरचा कागद हलला.

मग बाईंनी सगळं सरळ सांगितलं. तशी बोलणारी माणसं मला आजही आवडतात. माझी वाढ अजून शिल्लक आहे, फोटोत कमरेच्या हाडाच्या कडेवर ते दिसतं. वाढ आहे तोवर बाक वाढू शकतो. तो फार वाढला तर मुंबईला नेऊन ऑपरेशन, कण्याला लोखंडी दांडी. तसं होऊ द्यायचं नसेल तर पट्टा. एक जुन्या पद्धतीचा असतो, हनुवटीपर्यंत येणारा, दिवसरात्र घालायचा. दुसरा नव्या पद्धतीचा, तो त्या नुकत्याच परदेशात शिकून आल्या होत्या. तो फक्त रात्री झोपताना घालायचा, पण तो शरीराला बाकाच्या उलट दिशेला चांगलं वाकवून धरतो. बाक मोडणार नाही, पण आहे तिथं थांबेल अशी आशा.

"दिवसा काय करायचं न्हाय म्हणायचं?" आबांनी विचारलं.

"दिवसा काहीही करू दे. शाळा, खेळ, काम. फक्त रात्री पट्टा. एकही रात्र चुकवायची नाही."

"आन् धार काढली तर चालंल?"

बाई हसल्या. "चालेल की."

"मग ठरलं," आबा म्हणाले.

पट्ट्यासाठी मला एका अरुंद फळीवर निजवून, दोघांनी खांद्याला आणि कमरेला धरून डावीकडे वाकवलं आणि अंगाभोवती ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळल्या. प्लास्टर सुकताना गरम होतं हे मला माहीत नव्हतं. पोटावर ताजी भाकरी ठेवल्यासारखं वाटलं. दोन आठवड्यांनी त्या साच्यावरून केलेला पट्टा मिळाला. पांढरं जाड प्लास्टिक, काखेपासून कमरेखालपर्यंत, पुढे तीन आवळायचे बंद. टेबलावर उभा ठेवला तर तो स्वतःच एका बाजूला कलायचा. घरी आणला तेव्हा आत्तीने तो उलटासुलटा करून पाहिला, टकटक वाजवला आणि म्हणाली, "हे खोगीर घालून पोरगी निजणार व्हय? घोडं तरी खोगीर काढून झोपतंय."

आत्ती म्हणजे आबांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर माहेरी आलेली, आणि त्या दिवसापासून घर आपल्याच जिवावर चाललंय अशा खात्रीने वागणारी. पुष्कळसं ते खरंही होतं.

पट्टा घालायची पद्धत आईने आणि मी मिळून बसवली. आत बिनशिवणीचं बनियन पाहिजे, कारण शिवण अंगात रुतते. शमाभाभींनी मऊ कापडाची चार बनियनं शिवून दिली, शिवण बाहेरून घेऊन. तेल लावायचं नाही, कातडी मऊ पडते आणि सोलते. हे तालमीच्या घरात पटवणं सर्वांत अवघड गेलं. मग डावीकडे वळून निजायचं, आईने गुडघा टेकवून बंद ओढायचे. पहिल्या रात्री मला वाटलं, कुणीतरी बरगड्या मोजतंय. चौथ्या-पाचव्या रात्री मी पट्ट्यात घोरत होते, असं आत्तीने सगळ्या गल्लीला सांगितलं. आमच्यासारख्या घरात पडल्यावर झोप लागत नाही असं कुणाला होत नाही. रात्री अकराला पट्टा चढायचा, साखळी वाजली की उतरायचा, बनियन काढून परकर-पोलकं घालून मी भिंगरीपाशी. एकही रात्र चुकली नाही. शेजारीपाजारी विचारायचे तर आबा छाती काढून सांगत, "बाईसाहेबांनी सांगितल्यापरमानं सगळं चाललंय."

सहा महिन्यांनी पुन्हा मिरजेला गेलो. माझ्या अंगावर दिवाळीचं नवं पोलकं होतं आणि मनात कसलीही शंका नव्हती. पट्टा म्हणजे परीक्षा असेल तर मी सगळे पेपर वेळेवर दिले होते. बाईंनी जुना आणि नवा फोटो शेजारी शेजारी धरले आणि आळीपाळीने दोन्ही पाहिले.

"वाढलाय," त्या म्हणाल्या. "बऱ्यापैकी वाढलाय. पट्टा रोज घालते ना?"

"आईशप्पत, एक दिस चुकवला न्हाय बाईसाहेब."

"रात्रभर?"

"रातभर."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. त्यांनी पट्टा मागवून घेतला, माझ्या अंगाला लावून पाहिला, बंदांच्या खुणा तपासल्या. पट्टा बरोबर होता. मग त्या खुर्चीत बसल्या आणि डॉक्टर नव्हे तर शेजारीण विचारते तसं त्यांनी विचारलं, "झोपता किती वाजता तुम्ही लोक?"

"कट्टा उठला, जेवणं झाली की. अकरा वाजत्यात," आबा म्हणाले.

"आणि ही उठते किती वाजता?"

"साडेतीनला. धारंची येळ हाय ती. म्हशी थांबत न्हाईत."

"मग पट्टा?"

"काढतो की. रात संपली की काढतो."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "अहो, ही साडेचार तासांची रात्र झाली. मी आठ तास धरून चालले होते."

"आठ?" आबा खरोखर गोंधळले होते. "तुमी रात म्हणाला बाईसाहेब, आमी रात घातली. आमच्यात रात तेवढीच असती."

मला वाटलं, आता बाई रागावणार. त्या रागावल्या नाहीत. "विचारायला मी हवं होतं," एवढंच त्या म्हणाल्या. मग त्यांनी फोटोतल्या कमरेच्या हाडाची कड आबांना दाखवली. वाढ अजून वर्ष-दीड वर्ष आहे. याच वेगाने बाक वाढला तर पुढच्या खेपेला त्या मुंबईची चिठ्ठी देणार. पट्ट्याचं काम व्हायला पुरी झोप पाहिजे, रोज, सलग. "हिला रात्र करून द्या," त्या म्हणाल्या. "कशी करायची ते तुम्ही बघा. मला तुमच्या म्हशींचं काही कळत नाही."

 परतीच्या गाडीत मी मनातल्या मनात हिशेब मांडत होते. साडेआठला झोपलं तर साडेचारला उठता येईल, पण साडेचारपर्यंत भिंगरी थांबणार नाही. भिंगरीची धार आधी काढावी तर झोप तुटते. कट्टा सोडला तर पेले कोण विसळणार? प्रत्येक हिशेबाच्या शेवटी एक म्हैस आडवी उभी राहायची.

रात्री जेवताना आबांनी विषय काढला. आत्तीच्या हातातला घास हातातच राहिला. "आठ तास? बाळंतीण तरी निजती व्हय गं आठ तास? आन् भिंगरीचं काय? एक दोन वेळा धार चुकली की म्हस आटंल. पोरीचं काय, पदर घेतला की झाकलं. कोण बघतंय पाठ?"

 आई भाकरी थापत होती. ती सहसा नणंदेला उत्तर देत नसे. त्या दिवशी तिने परातीतून हात काढला नाही, मानही वर केली नाही, फक्त म्हणाली, "आटू दे. म्हशी बाजारात मिळत्यात."

आणि थापलेली भाकरी तिने तव्यावर टाकली.

मी मध्येच बोलले, "मी पट्टा घालूनच धार काढतो की." आमच्याकडे पोरीसुद्धा 'काढतो, जातो' असंच बोलतात, बाहेरची माणसं हसतात. आबांना ते पटलं. दुसऱ्या पहाटे मी पट्ट्यासकट, डावीकडे कलून, खेकड्यासारखी चालत गोठ्यात गेले. भिंगरीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, नाक फेंदारलं आणि अशी लाथ घातली की पट्ट्यावर ठाक्कन आवाज होऊन मी आडवी झाले. आत माझ्या केसालाही धक्का लागला नाही. आबा आधी घाबरले, मग हसत सुटले, मग एकदम गंभीर झाले. मला उचलून उभं करत म्हणाले, "भिंगरी आता माझ्याकडं लागली. तू झोप."

त्याच दिवसापासून घराची मांडणी बदलली. माझं अंथरूण सोप्यातून मधल्या अंधाऱ्या खोलीत गेलं. पेले आईकडे गेले. साडेआठला मला जेवायला वाढून, नऊला पट्टा आवळून झोपवायचं आणि साडेपाचपर्यंत कुणी हाक मारायची नाही. पहिले काही दिवस माझ्यासाठी फार कठीण होते. साखळी वाजली की डोळे टक्क उघडत, आणि मी पट्ट्यात, कलंडलेली, भिंतीपलीकडचं सगळं ऐकत पडून राही. आबा भिंगरीपाशी बसले, हे पाय घासल्याच्या आवाजावरून कळे. मग लाथ. मग शिवी. मग गोंजारणं, "माझी बाय ती, सोड की गं." मग परत लाथ. चरवीत धार पडल्याचा आवाज येत नसे. रतिबाची गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली. दुधात दूध जुळवून आई भागवत होती, पण आठवडा उलटला तशी भिंगरीची कास कडक झाली. आत्ती कुणाला उद्देशून नाही असं बोलायची, "एकीची पाठ सरळ करायला दुसरीची कास बिघडायला लागलीया." तिचं म्हणणं खोटं नव्हतं. म्हणून तर ते ऐकवत नसे.

कट्ट्यावर कुणा म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने आबांना सांगितलं, ज्याच्या हाताची सवय आहे त्याचे कपडे अंगावर घे, जनावर वासावर चालतं. आबा घरी येऊन आईला म्हणाले, "विजूचा परकर दे." आईने कपाटातला निळ्या फुलांचा धुतलेला परकर दिला. दुसऱ्या पहाटे तो खांद्यावरून पांघरून आबा बसले. भिंगरीने तो हुंगला, शिंकली आणि पाय झाडला. साबणाचा वास आला असणार. आबा तरातरा आत आले. मी जागीच होते.

"तुझं काल रातीचं बनियन कुठं हाय?"

"दोरीवर. धुवायचं राहिलंय."

"बेस झालं," म्हणत त्यांनी ते घेतलं. पट्ट्याखाली घामाने भिजून वाळलेलं ते बनियन त्यांनी पटक्यासारखं डोक्याला गुंडाळलं. मोडलेले कान, त्याभोवती पोरीचं बनियन, खांद्यावर निळ्या फुलांचा परकर. दारातून जाताना दिसलेलं ते रूप माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. भिंतीपलीकडे शांतता झाली. लाथ नाही. पण धारही नाही. मग आबांची दबकी हाक आली, "विजे, तू काय म्हणतीस गं हिच्याशी?"

"पाढे!" मी आडवी पडूनच ओरडले. "तेरापासनं!"

आबा चौथीत शाळा सोडलेले.  तरी कुस्तीच्या फडात हाळी घालतात तसल्या आवाजात सुरू झालं, "तेरा एके तेरा! तेरा दुणे सव्वीस!"

"हळू, आबा! हळू म्हणायचं!"

आवाज खाली आला. तेरा त्रिक एकोणचाळीस. तेरा चोक बावन्न. आणि त्या बावन्नच्या पाठोपाठ रिकाम्या चरवीत सर्रकन वाजली ती धार. आबा थांबले नाहीत. थांबले असते तर ती थांबली असती. पाचा पासष्ट, सक अठ्ठ्याहत्तर, "तेरा साती... तेरा साती ब्याण्णव..."

"एक्क्याण्णव!" मी बोंबलले.

"गप पड गं!" स्वयंपाकघरातून आत्ती ओरडली. "म्हशीला ब्याण्णव चालतंय!"

आई हसत होती. तिचं हसणं दाबलेलं, पण मला ऐकू येत होतं. पट्ट्यात हसता येत नाही, बरगड्या अडतात. तरी मी हसले आणि चरवीचा आवाज जाड होईपर्यंत जागी राहिले. त्यानंतर पट्टा होता तोवर साखळीच्या आवाजाने मला कधी जाग आली नाही.

पेठेने आबांना सोडलं नाही, अर्थातच. पहाटे दूध न्यायला आलेला कुणीतरी वाकून बघायचा आणि संध्याकाळी कट्ट्यावर विचारायचा, "काय पैलवान, आज परकर कुठला व्हता?" आबा म्हणत, "तुझ्या मापाचा बी हाय, देऊ काय शिवून?" त्यांना त्याचं काहीच वाटत नसे, आणि त्यांना वाटत नाही म्हटल्यावर चेष्टेलाही बूड राहिलं नाही. आत्तीने आणखी पुढची पायरी गाठली. पेपर टाकणारं पोरगं गल्लीत सायकलची घंटा वाजवत आलं की ती दारातच त्याला धरायची, "हळू रं मुडद्या, पोरगी झोपल्या आत." एकदा नगरपालिकेच्या पाण्याच्या माणसालाही तिने हाच दम दिला. झोप ही कामातून उरली तर घ्यायची गोष्ट, असं मानणाऱ्या घरात एका पोरीच्या झोपेवर तीन माणसं राखण बसली होती. मला तेव्हा त्याचा आनंद झाला नाही, फक्त सवय झाली. वसतिगृहात मुली उशिरा रात्रीपर्यंत दिवे जाळतात आणि मी फिरून ते विझवते, तेव्हा त्या मला खडूस म्हणतात. म्हणोत.

पुढच्या खेपेला मिरजेच्या गाडीत आबांनी रुमालात बांधलेला जोतिबाचा गुलाल खिशात ठेवला होता. दर दोन गावांनी ते खिसा चाचपायचे. दवाखान्यात बाईंनी तिन्ही फोटो ओळीने लावले. जुना, मधला, नवा. पट्टीने रेघा ओढल्या. मी ओणवी झाले, उभी राहिले, परत ओणवी झाले. मुंबईच्या चिठ्ठीचं पुस्तक टेबलावर त्यांच्या हाताशी होतं. आबा त्याच्याकडे बघत होते आणि मी आबांकडे.

"थांबलाय," बाई म्हणाल्या.

"म्हंजे?"

"मागच्या वेळी होता तिथंच आहे. एक रेघसुद्धा पुढे गेलेला नाही."

"म्हंजे मुंबई न्हाय?"

"आज तरी नाही. वाढ संपेपर्यंत हेच असंच चालू ठेवायचं. तुम्ही केलंत काय पण?"

आबा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ही झोपली बगा."

वाढ पुढे वर्षभर चालली, मग बाईंनी पट्टा बंद केला. बाक होता तेवढाच राहिला. तो आजही आहे. माझा एक खांदा जरा खाली आहे, पोलकं शिवताना सांगावं लागतं, पावसाळ्यात कंबर धरते. लग्न झालं, दोन बाळंतपणं झाली, वसतिगृहाचे तीन मजले दिवसातून चार वेळा चढते. बाक आहे म्हणून एकही काम अडलेलं नाही, आणि हे मी पाठीच्या तक्रारीने घाबरून आलेल्या प्रत्येक मुलीच्या आईला सांगते.

पण मला लिहायचं होतं ते त्या दिवसाचं. दवाखान्यातून निघालो, स्टँडवर चहा घेतला, दुपारची गाडी पकडली. बसायला जागा मिळाली. गाडी सुटल्यावर आबा काहीतरी बोलायला लागले, बहुतेक पेंडीबद्दल, आणि वाक्य अर्ध्यावर सोडून त्यांची मान माझ्या खांद्यावर पडली. मी त्यांना गाडीत झोपलेलं कधी पाहिलं नव्हतं. माझी झोप वाढली तसा त्यांचा दिवस वाढला होता, हे तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं. भिंगरी, रतिबाची किटली, सगळं माझ्याकडून सुटून त्यांच्याकडे गेलं होतं. जयसिंगपूर गेलं, हातकणंगले गेलं. त्यांचं तोंड उघडं होतं. माझा हात बधिर झाला, तरी मी तो हलवला नाही. कोल्हापूरच्या स्टँडवर गाडी रिकामी झाली. कंडक्टर मागून येत म्हणाला, "उठवा की पावण्यांना, गाडी डेपोत जायची."

"पाच मिनिटं थांबा," मी म्हटलं.

त्याने आबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि खाली उतरून बिडी पेटवली.